वाल्देमारची दवंडी

सुल्मा एचेगारायशी वाकडं घ्यायचं नाही, हे आमच्या पासो देल साउसे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वीस वर्षं ती गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये बोर्डवर बसली. कुणाची तार कुणाला जोडायची आणि कुणाला "लाइन बिझी आहे" म्हणून लटकवायचं, हे तिच्या हातात होतं. एकदा गुरांच्या एका दलालाने तिला फोनवरून शिवी हासडली. त्यानंतर अडीच वर्षं त्याचा राजधानीचा, मोन्तेविदेओचा, एकही फोन पहिल्या झटक्यात लागला नाही. त्याने तक्रार केली तर हिने साहेबांपुढे वही ठेवली, वहीत सगळं चोख. शेवटी नाताळला तो गोड पाव घेऊन तिच्या दारात आला, तेव्हा कुठे त्याची लाइन सुधारली.

मी तिचा शेजारी, नुबेर. जोडे शिवतो. माझी भिंत तिच्या भिंतीला लागून, आणि माझ्या पलीकडे वाल्देमार राहतो, त्याच्या म्हाताऱ्या आईसोबत. तीन घरांना इंटरनेट एकच, सुल्माच्या नावाचं. साथीच्या वर्षी वायर भिंतीवरून ओढली ती तशीच राहिली. आमचं गाव खळग्यात असल्यामुळे मोबाइलला रेंज मिळते ती फक्त स्मशानाच्या टेकडीवर. आमच्याकडे मेल्यावरच माणसाचा फोन नीट लागतो, असं आम्ही म्हणतो.

वाल्देमारच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर दोन भोंगे आहेत. सर्कस आली, बटाटे आले, उद्या पाणी येणार नाही, सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळतं. पण त्याचं खरं नाव मयताच्या दवंडीसाठी. मयत सांगताना तो गाडी पायी चालल्यासारखी हळू घेतो, आवाज खाली उतरवतो, मेलेल्याची दोन्ही आडनावं घेतो, बापाचं आणि आईचं, मग मागे राहिलेल्यांची नावं, मग घराचा पत्ता. एक फेरी त्या दिवशी, दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळी. गावात तीस वर्षांत जो कोणी मेला तो वाल्देमारच्या आवाजातून गेला. त्या आवाजाने सांगितलं म्हणजे माणूस खरंच मेला, अशी लोकांची खात्री.

आणि हाच आवाज त्याने थेंबांना विकला. कुठल्याशा कंपनीचे डोळ्यांचे थेंब. आवाज घुमू नये म्हणून तो घरात पांघरुणाच्या तंबूत बसून जाहिराती वाचायचा आणि सुल्माच्याच नेटवरून पाठवायचा. "आजीबाई, चष्मा ओढ्यात फेकून द्या! डॉक्टरच्या दारात बसायचे दिवस संपले!"

सुल्माची थोरली बहीण इरासेमा हिला काचबिंदू होता. डॉक्टरने सांगितलेलं औषध ती सकाळ-संध्याकाळ न चुकता घालायची. बाई नुसती शहाणी नव्हे, एकतीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेली. मला गुणाकार तिनेच शिकवला, वाल्देमारला वाचायलाही तिनेच. म्हातारपणी तिला एकच छंद, टॅब्लेटवर जुनी रेडिओ नाटकं ऐकायचा. नाटकात मध्येच जाहिरात, जाहिरातीत वाल्देमार. तिने डॉक्टरचं औषध बंद केलं आणि गुपचूप ते थेंब मागवले. दीड वर्षात आधी उजवा डोळा गेला, मग डावा. पिठाच्या डब्यामागे सुल्माला सहा रिकाम्या बाटल्या सापडल्या तेव्हा डॉक्टरच्याही हातात काही उरलं नव्हतं.

"अगं, तू? तू असल्या भूलथापांना फसलीस?" सुल्माने विचारलं.

"आईची मयत त्यानेच सांगितली होती," इरासेमा म्हणाली. "मला वाटलं, तो खोटं बोलायचा नाही."

मग तिने बहिणीला शपथ घातली की हे बाहेर बोलायचं नाही. जन्मभर पोरांना सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नका, आणि स्वतः अशी बुडाले, लोक हसतील. म्हणून गावाला एवढंच ठाऊक की बाईंची नजर वयाने गेली. मला ठाऊक होतं, कारण बाटल्या सापडल्या त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, पीत बसलो होतो. मलाही तिने शपथ घातली.

आता इरासेमाजवळ उरले कान. दिवसभर ती खिडकीपाशी नाटकं ऐकायची आणि दर दहा मिनिटांनी वाल्देमार यायचा. "आजीबाई, चष्मा ओढ्यात फेकून द्या!" तिचे हात मांडीवरच्या शालीत जायचे आणि जाहिरात संपेपर्यंत शाल पिळत राहायचे. आठवडाभर सुल्माने ते हात पाहिले. मग एका सकाळी मला म्हणाली, "नुबेर, या घरात त्या माणसाचा आवाज परत येणार नाही. आणि तेवढ्यावर मी थांबणारही नाही."

सुल्माच्या दिवंगत नवऱ्याने, अपारिसिओने, काढलेले चाळीस वर्षांचे फोटो तिने एका काळ्या पेटीत साठवले होते. लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग, अर्धं गाव त्या पेटीत. दोन हार्डडिस्क, एक हिरवा दिवा, आणि पेटी कायम चालू, घरातल्या नेटला जोडलेली. सुल्माने कुठूनसं वाचून काढलं की अशा पेटीत एक वेगळा कप्पा करून तिथे जाहिराती अडवणारा पहारेकरी बसवता येतो, आणि मग त्या नेटवरच्या प्रत्येक यंत्राची जाहिरात दारातच अडते.

"पहारेकरी म्हणजे?" मी विचारलं.

"अरे, बोर्डच तो! कुठलंही यंत्र आधी विचारतं, अमक्याचा नंबर काय? कुणीतरी नंबर सांगतं, मग जोडणी होते. आजवर ते विचारत होतं नेटच्या कंपनीला. आता विचारायचं मला. जाहिरातवाल्याचं नाव आलं की मी सांगणार, असा कुणी इसम इथे राहत नाही."

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण डोळ्यांत अशी चमक की मी माझी खुर्ची जरा मागे घेतली.

काम सोपं नव्हतं. नावं विचारायला यंत्रं नेहमी त्रेपन्न नंबरच्या दाराशी, पोर्ट म्हणतात त्याला, येतात, आणि पेटीतलंच दुसरं काहीतरी आधीपासून त्या दारात ठाण मांडून बसलं होतं. त्याला उठवण्यात तिचे चार दिवस गेले. मग पेटीला कायमचा पत्ता दिला, तो पत्ता मोडेममध्ये भरला, आणि नको असलेल्या नावांची एक लाखभराची यादी आत सोडली. माझ्या फोनवर गेली दहा वर्षं टकलाला तेल लावायच्या जाहिराती येत होत्या. त्या दिवशी त्या गेल्या. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

इरासेमाचं नाटक सुरू झालं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सुल्मा खिडकीपाशी उभी, हातात पाण्याचा थर्मास तसाच. पंचविसाव्या मिनिटाला टॅब्लेटमधून खणखणीत आवाज आला, "आजीबाई, चष्मा—"

सुल्माने थर्मास असा आदळला की झाकण माझ्या पायावर आलं.

आठ दिवस हेच चाललं. कधी तो यायचा नाही, कधी यायचा. सुल्माला वाटलं यादी अपुरी आहे, म्हणून ती रोज नवी नावं कोंबत सुटली. शेवटी यादीत इतकं काही गेलं की माझं हवामानाचं पानही उघडेना. आणि नवव्या दिवशी भाजी चिरता चिरता ती एकदम थांबली. "मी गाढव आहे," म्हणाली. "राखीव पोरगी!"

एक्सचेंजचा नियम होता की बोर्ड कधी एकटा सोडायचा नाही, शेजारी राखीव पोरगी हवीच. मोडेममध्ये पत्ता भरायला दोन रकाने होते. पहिल्यात हिने पेटी लिहिली, आणि दुसरा रिकामा दिसल्यावर वीस वर्षांची सवय आड आली. त्यात तिने नेटच्या कंपनीचा जुना नंबर लिहून टाकला, वेळप्रसंगी असावा म्हणून. पण यंत्रांना वेळप्रसंग कळत नाही. त्यांनी मनाला येईल तेव्हा राखीव पोरीला विचारलं, आणि ती बया विचारेल त्याला जोडून देत होती.

"आमच्याकडे ब्लांका होती तशीच," सुल्मा दात खात म्हणाली. "महापौरांच्या बायकोने सांगून ठेवलेलं की त्या केशकर्तनवालीचा फोन आला तर बिझी सांगा. मी पाणी प्यायला उठले, ब्लांकाने जोडला. गावात वर्षभर तमाशा."

तिने दुसऱ्या रकान्यातही पेटीचाच पत्ता लिहिला. त्या दुपारी इरासेमाने एक नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर तिने मान वळवली. "आला नाही," म्हणाली. शाल मांडीवर सरळ होती. सुल्मा स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, कांदा फार तिखट होता. चुलीवर भोपळा होता.

इथे एखादी भली बाई थांबली असती.

पेटीच्या पडद्यावर एक यादी सतत सरकत असते, कुठल्या यंत्राने कधी कुणाचं नाव विचारलं त्याची. तीन घरांची सगळी यंत्रं त्यात. बोर्डवरच्या बाईची एकच शपथ असते, कानावर पडलं ते कानातच राहू द्यायचं. वीस वर्षांत सुल्माने ती मोडली नव्हती. गावातल्या निम्म्या लफड्यांना साक्षी असूनही तिच्या तोंडून कधी एक शब्द निघाला नाही. त्या दिवशी माझ्यासमोर तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"हे बघ. वाल्देमारचं कॉम्प्युटर. आणि हे बघ कुणाला विचारतंय." थेंबवाल्या कंपनीचं नाव. सकाळपासून चाळीस वेळा.

"दोन्या सुल्मा, दुसऱ्याचं बघू नये," मी म्हणालो. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात.

"बरोबर आहे, बघू नये." आणि तिने बघितलं, आणि तेवढ्या एका कॉम्प्युटरपुरतं ते नाव बंद केलं. "बिझी," म्हणाली, अगदी जुन्या आवाजात.

वाल्देमारला काही कळेना. बातम्या उघडतात, फुटबॉल दिसतं, आणि नेमकं कंपनीचंच पान उघडत नाही. जाहिरात वाचली तरी पाठवणार कशी? मग तो रोज दुपारी गाडी घेऊन स्मशानाच्या टेकडीवर जायला लागला आणि थडग्यांमध्ये बसून आवाज पाठवायला लागला. आम्ही सुल्माच्या अंगणातून ती पांढरी गाडी वर जाताना बघायचो. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. सुल्मा माते ओतायची, मला द्यायची आणि म्हणायची, "गेला बघ आपल्या गिऱ्हाइकांना भेटायला."

तेराव्या दिवशी तो दारात आला. दुपारची झोप झाल्यावरची वेळ, मी नेहमीसारखा तिथेच. सुल्माने त्याला बसायला सांगितलं. माते भरला, मला दिला, परत भरला, स्वतः घेतला, परत मला दिला. आमच्याकडे एकच माते बसलेल्या सगळ्यांत फिरतो, पण त्याच्याकडे तिने सरकवलाच नाही. वाल्देमारने ते पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

"शेजारीणबाई, तुमच्या नेटमध्ये काहीतरी घोळ आहे. माझ्या कंपनीचंच पान लागत नाही."

"बिझी असेल."

"तेरा दिवस?"

"मी अडीच वर्षंसुद्धा ठेवलेलं आहे," सुल्मा म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. इरासेमा दारात उभी राहिली. "वाल्देमार, पाय पुसलेस का?"

पन्नाशीचा तो बाप्या उठून पायपुसण्यापर्यंत गेला आणि पाय पुसून आला. "पुसले, बाई."

"बस. माझे डोळे कशाने गेले ठाऊक आहे तुला?"

"वयाने, बाई. सगळे म्हणतात..."

"सगळ्यांना मी तसं सांगितलं. तुझ्या थेंबांनी गेले. तू सांगितलंस चष्मा ओढ्यात फेका, मी डॉक्टरचं औषध फेकलं."

तिने स्वतःची शपथ स्वतःच मोडली होती. सुल्माच्या हातातला माते वाटेतच थांबला. वाल्देमारचा तो प्रसिद्ध आवाज कुठे गेला कोण जाणे, फुटक्या पाइपासारखं काहीतरी निघालं. "बाई, मी नुसतं वाचतो. ते लिहून पाठवतात, मी वाचतो. त्यात काय आहे ते मला काय माहीत?"

"मीसुद्धा नुसती जोडत होते!" सुल्मा ओरडली. "पण आग लागल्याचा फोन आला तर नुसती जोडून बसत नव्हते, उठून घंटा बडवायची! तुझी घंटा कुठे होती रे, मेल्या?"

"सुल्मा, थांब." इरासेमा शांत होती, आणि मला तिची जास्त भीती वाटली. "वाल्देमार, तू दवंडी द्यायची. मयताची देतोस तशीच. माझ्या डोळ्यांची. कशाने गेले ते सांगायचं, तो आवाज कुणाचा होता ते सांगायचं."

"बाई, कंपनी माझं काम काढून घेईल."

"घेऊ दे."

"लोक काय म्हणतील मला?"

"ते आता तू ठरव. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, चौकात काठी टेकून. मग बघू या गावात कोण आपलं मढं तुझ्या तोंडी देतो ते."

तो उठून गेला. दोन दिवस गाडी हललीच नाही. मला वाटलं, हा कुठला करतोय. सुल्मा म्हणायची, "नको करू दे. मग मी त्याचं फुटबॉलही बंद करते."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता भोंगे सुरू झाले. गाडी पायी चालल्यासारखी हळू. मी हातातला बूट तसाच घेऊन बाहेर आलो.

"पासो देल साउसेच्या रहिवाशांनो. अत्यंत दुःखाने कळवण्यात येतं की बाई इरासेमा एचेगाराय सिल्वेरा यांचे दोन्ही डोळे गेले. उजवा मार्चमध्ये, डावा ऑगस्टमध्ये. जाहिरातीतले थेंब विश्वासाने घेऊन त्यांनी डॉक्टरांचं औषध सोडलं. जाहिरातीतला आवाज माझा होता. मागे राहिल्या बहीण सुल्मा आणि त्यांचे विद्यार्थी. भेटीला येणाऱ्यांसाठी घर दिवसभर उघडं आहे."

बेकरीतली गिऱ्हाइकं रस्त्यावर आली. कुणीतरी सवयीने टोपी काढली. गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा इरासेमा खिडकीत बसून ऐकत होती, शाळेत पाठांतर ऐकायची तशी, मान जरा तिरकी करून. सुल्मा दारात कमरेवर हात ठेवून उभी. वाल्देमारने आमच्याकडे पाहिलं नाही.

आणि मग लोक आले. घर उघडं आहे म्हटल्यावर आमच्याकडे लोक येतातच, रिकाम्या हाताने येत नाहीत. बिस्कोचोच्या, म्हणजे बेकरीतल्या छोट्या पावांच्या, पुड्या आल्या, तळलेल्या पुऱ्या आल्या. कुणी हसलं नाही. इरासेमाला ज्याची धास्ती होती ते घडलंच नाही. उलट पोस्टमनच्या विधवेने खुर्चीत बसल्या बसल्या पर्स उघडली, आत चाचपलं आणि थेंबांची बाटली टेबलावर ठेवली. "मीपण," एवढंच म्हणाली. मग औषधाच्या दुकानासमोरच्या दोघी बहिणींनी एक ठेवली. दुपारपर्यंत टेबलावर नऊ बाटल्या जमल्या होत्या, बिस्कोचोच्या बशीशेजारी. सुल्मा प्रत्येकीला डॉक्टरच्या गावाची बस किती वाजता सुटते ते सांगत होती आणि बाटल्या मोजताना तिचा चेहरा असा झाला होता की त्या कंपनीचा मालक समोर असता तर वाचला नसता.

सगळे गेल्यावर भिंतीला काहीतरी घासल्याचा आवाज आला. इरासेमाने मान वर केली. "भिंत धरून कोण येतंय?"

दारात वाल्देमारची आई होती, दोन्या नेल्सा, शहाऐंशी वर्षांची. तिच्या दारापासून इथपर्यंत पंधरा पावलं, तीसुद्धा तिने चाचपडत टाकली होती. तिने अंदाजाने टेबल शोधलं आणि दहावी बाटली ठेवली.

"कंपनी पोराला फुकट देते," ती म्हणाली. "मला वाटलं, पोरगा एवढं सांगतोय तर... डॉक्टरचं औषध मी केव्हाच सोडलं. त्याला सांगितलं नाही. उजव्याने आता काही दिसत नाही, इरासेमा. डाव्याने थोडं."

सुल्मा खुर्चीत बसली. इतके दिवस तिला जो सूड हवा होता, तो असा त्याच्याच घरात आधीच घडून बसला होता. मग तिने माते भरला, पहिला नेल्साच्या हातात दिला आणि म्हणाली, "उद्या सहाच्या बसने तुम्हाला मी घेऊन जाते. डावा वाचवायचा आहे."

मला वाटलं आता इरासेमा विरघळेल. दुसऱ्या फेरीचं सोडून देईल. म्हातारी घरी परतल्यावर मी तसं सुचवलंदेखील.

"नुबेर," इरासेमा म्हणाली, "त्याला जाऊन सांग. दुसरी फेरी उद्या सकाळी. दोन नावं घ्यायची."

मी गेलो आणि सांगितलं. कुणाचं दुसरं नाव, हे मला सांगावं लागलं, कारण त्याला ठाऊक नव्हतं. तो पांघरुणाच्या त्या तंबूशेजारी उभा होता. त्यानंतर मी तिथे थांबलो नाही.

सकाळी सहाच्या बसने सुल्मा नेल्साला घेऊन गेली. दहाला भोंगे वाजले. इरासेमाजवळ मीच बसलो होतो. गाडी गल्लीत शिरली. तिचं नाव झालं, उजवा डोळा, डावा डोळा. मग गाडी थांबली. भोंग्यातून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"आणि दोन्या नेल्सा फाग्युंदेस आसेवेदो यांचा उजवा डोळा," तो म्हणाला. "मागे राहिला मुलगा वाल्देमार."

गाडी पुढे गेली. इरासेमाने शाल सारखी केली.

"दोन्ही आडनावं घेतली ना?"

"घेतली, बाई."

"मग सुल्मा आली की तिला म्हणावं, जोड त्याची लाइन."